पिसांच्या बाजारापासून पक्ष्यांच्या जत्रेपर्यंत

जत्रा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें देवाची पालखी, रेवड्या-बत्ताशांचीं दुकानें, बैलांचा बाजार आणि कुस्त्यांचा फड उभा राहतो. आणि जत्रेंतला पक्षी म्हटला म्हणजे पिंजऱ्यांतला पोपट, नाहीं तर चोंचीनें चिठ्ठी ओढून गिऱ्हाइकाचें भविष्य सांगणारा राघू. जींत एकहि पक्षी विकावयास नाहीं, एकहि पिंजरा मांडलेला नाहीं, आणि तरीहि जी केवळ पक्ष्यांच्या नांवानें भरते, अशी जत्रा असूं शकते हें ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांस नवल वाटेल. अशी एक जत्रा इंग्लंडच्या मध्यभागीं रटलंड नांवाच्या चिमुकल्या परगण्यांत १९८९ सालीं प्रथम भरली. तिचें पूर्ण नांव ‘ब्रिटिश बर्डवॉचिंग फेअर’. परंतु लोकांच्या तोंडीं ‘बर्डफेअर’ एवढेंच रूढ झालें. नांवांत ‘ब्रिटिश’ हा शब्द असला, तरी थोड्याच वर्षांत ती सर्व जगांतील पक्षिनिरीक्षकांची जत्रा होऊन बसली.

या जत्रेस प्रथमच जाणाऱ्या मनुष्यास पहिला प्रश्न पडावा तो हा, कीं येथें पक्षी आहेत कोठें? ऑगस्ट महिन्यांत तीन दिवस एगल्टन गांवाजवळच्या कुरणांत मोठमोठ्या तंबूंची रांग उभी राही. एका तंबूंत नाना तऱ्हेच्या दुर्बिणी मांडलेल्या. दुसऱ्यांत पक्ष्यांवरील पुस्तकें, आणि तीं लिहिणारे ग्रंथकारहि. तिसऱ्यांत आफ्रिका, आशिया व दक्षिण अमेरिका या खंडांतून आलेले वाटाडे आपापल्या रानांचीं वर्णनें करीत बसलेले. कोठें व्याख्यान चालू आहे, तर कोठें चित्रकारांचा मेळ सर्वांदेखत एक भलें मोठें भित्तिचित्र रंगवीत आहे. एवढा सगळा बाजार पाहून झाला, तरी जिवंत पक्षी पाहावयाचा तर तंबूंतून बाहेर पडून, कुरण ओलांडून, जलाशयाच्या कांठीं बांधलेल्या लांकडी आडोशांत शांतपणें बसावें लागे. माल मांडवांत आणि पक्षी मोकळ्या आकाशाखालीं, अशी ही या जत्रेची रचना. आज ती आपणांस अगदीं सहज वाटते. परंतु तिच्या आधीं शंभर वर्षें त्याच देशांत पक्ष्यांचा जो मोठा बाजार भरत होता, त्याची रचना नेमकी उलटी होती. तेथें पक्षी मांडवांत होता, आणि आकाश रिकामें होत चाललें होतें. या दोन बाजारांच्या मध्यें जें घडलें, तें थोडक्यांत सांगावें असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोप व अमेरिका येथील शहरांत स्त्रियांच्या टोप्यांवर पिसें, पंख, आणि पुढें पुढें तर पेंढा भरलेले सबंध पक्षी लावण्याची चाल पडली. १८८६ सालीं फ्रँक चॅपमन नांवाच्या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञानें न्यू यॉर्कच्या बाजारपेठेंतून दोन फेऱ्या मारिल्या, आणि वाटेंत दिसलेल्या टोप्यांचीं टिपणें केलीं. ७०० टोप्यांपैकीं ५४२ टोप्यांवर पिसें होतीं, व त्यांत ४० जातींचे पक्षी त्यास ओळखतां आले. रानांत जाऊन दोन फेऱ्यांत एवढ्या जाती दृष्टीस पडणें हें चांगल्या निरीक्षकाच्याहि नशिबीं क्वचितच असतें.

या व्यापाराची मोठी पेठ लंडन ही होती. तेथें मिन्सिंग लेन नांवाच्या गल्लींतील लिलावघरांत जगाच्या कानाकोपऱ्यांतून पिसांच्या पेट्या येऊन पडत. त्यांत सर्वांत मोल असे तें बगळ्याच्या पिसांस. विणीचा हंगाम आला म्हणजे बगळ्याच्या पाठीवर धुक्यासारखीं तलम, लांब पिसें फुटतात. हंगाम सरला कीं तीं गळून जातात. तीं हवीं असतील तर बगळा घरट्यावर असतांनाच मारावा लागे, आणि एक जोडपें मारलें म्हणजे घरट्यांतलीं पिलें उपासमारीनें मरून जात. म्हणजे टोपीवरील एका तुऱ्यापायीं एक सबंध पिढी नाहीशी होई. विल्यम हॉर्नडे या प्राणिशास्त्रज्ञानें १९१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत एकट्या १९०२ सालच्या लंडन येथील विक्रीचा हिशेब मांडला आहे. तीस-तीस औंसांचीं १,६०८ पुडकीं विकलीं गेलीं. म्हणजे ४८,२४० औंस पिसें झालीं. एका औंसास चार पक्षी लागतात असें धरलें तर ही विक्री १,९२,९६० पक्ष्यांच्या प्राणांची होती. तोलास तोल लावला असतां या पिसांचा भाव सोन्याहूनहि चढा असे.

या व्यापारांतील आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. इंग्लंडांतील टोपीवाले बगळ्याच्या या तुऱ्यास ‘ऑस्प्रे’ म्हणत. वस्तुतः ऑस्प्रे हा मासे धरणारा एक शिकारी पक्षी. त्याचा आणि या पिसांचा कांहीं एक संबंध नाहीं. परंतु बगळा हें नांव घेतलें म्हणजे गिऱ्हाइकास मेलेला बगळा आठवण्याचा संभव. ‘ऑस्प्रे’ म्हटलें कीं ती केवळ एक दुकानांतील वस्तु झाली. जी गोष्ट डोळ्यांआड करावयाची असेल तिचें नांव आधीं बदलावें, ही व्यापाराची युक्ति फार जुनी आहे.

या पेठेशीं आपल्या देशाचाहि संबंध होता. हिंदुस्थानांतूनहि पक्ष्यांचीं कातडीं व पिसें परदेशीं जात. १९०२ सालीं, म्हणजे हॉर्नडे यांनीं हिशेब मांडला त्याच वर्षीं, हिंदुस्थान सरकारानें या निर्यातीवर बंदी घातली. परंतु जेथें मागणी आहे तेथें वाट निघतेच. सिंधमध्यें, जो तेव्हां मुंबई इलाख्याचाच एक भाग होता, बगळे पाळून त्यांचीं पिसें काढण्याचा धंदा चालत असे. त्याचें वर्णन बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत १९१४ सालीं आलें आहे. कायदा एका बंदरांतील दार लावूं शकतो. दुसऱ्या देशांतील हौस त्याला बंद करतां येत नाहीं. ती हौस ज्या ठिकाणीं उत्पन्न झाली, तेथेंच तिच्यावर कोणी तरी हात ठेवावयास हवा होता.

तो हात स्त्रियांनीं ठेविला. १८८९ सालीं मँचेस्टरजवळच्या डिड्सबरी येथें एमिली विल्यमसन या बाईंनीं आपल्या राहत्या घरीं एक मंडळी स्थापन केली. तिच्या सभासद सर्व स्त्रियाच होत्या, आणि अट एकच होती: खाण्यासाठीं न मारलेल्या कोणत्याहि पक्ष्याचें पीस अंगावर घालावयाचें नाहीं, अपवाद फक्त शहामृगाचा. त्याच सुमारास लंडनजवळ क्रॉयडन येथें एलायझा फिलिप्स यांच्या घरीं अशीच दुसरी मंडळी जमत होती. १८९१ सालीं दोघी एक झाल्या. पक्षिशास्त्राच्या नामांकित संस्था त्या काळीं पुरुषांच्या होत्या, व त्यांपैकीं पुष्कळांचें शास्त्र बंदुकीच्या नळींतून चालत असे. या स्त्रियांपाशीं ना बंदूक होती, ना पदवी. त्यांच्यापाशीं होती ती पत्रें लिहिण्याची चिकाटी, आणि आपल्याच मैत्रिणींस, आपल्याच मंदिरांतील शेजारणींस “बाई, तुमच्या टोपीवर हें काय आहे, ठाऊक आहे का?” असें विचारण्याचें धैर्य. पहिल्यापेक्षां हें दुसरें कठीण, हें चारचौघांत वावरणाऱ्या कोणासहि सांगावयास नको.

अमेरिकेंतहि हाच प्रकार घडला. बॉस्टन येथील हॅरिएट हेमेन्वे आणि मिना हॉल या दोन स्त्रियांनीं १८९६ सालीं तेथील प्रतिष्ठित घराण्यांतील बायकांस एकत्र करून पिसांवर बहिष्कार घातला, आणि त्यांतून मॅसॅच्युसेट्सची ऑडुबॉन सोसायटी निघाली. इकडे इंग्लंडांतील मंडळीस १९०४ सालीं राजाची सनद मिळाली व ती ‘रॉयल’ झाली. तरीहि व्यापाऱ्यांचा जोर एवढा होता, कीं पिसांच्या आयातीविरुद्ध १९०८ सालीं लॉर्ड्सच्या सभेनें संमत केलेलें बिल पुढें कायदा होऊं शकलें नाहीं. तो कायदा होण्यास १९२१ साल उजाडावें लागलें, आणि तोहि फक्त आयातीपुरता. पिसें विकण्यास वा घालण्यास त्यानें मनाई केली नाहीं. न्यायाच्या दृष्टीनें हेंहि सांगितलें पाहिजे, कीं तोंपर्यंत स्त्रियांनीं केस आखूड केले होते, टोप्या लहान व डोक्यास घट्ट बसणाऱ्या झाल्या होत्या, आणि मोठ्या पिसाऱ्याची हौस आपोआपच ओसरूं लागली होती. म्हणून सगळें श्रेय एकट्या चळवळीस देणें इतिहासास धरून होणार नाहीं. परंतु हौस ओसरल्यावर ती पुन्हां वर येऊं नये, अशी लाज समाजाच्या मनांत रुजविली ती त्या चळवळीनेंच.

पण “मारूं नका” असें सांगून भागत नाहीं. मग करावें काय, हेंहि सांगावें लागतें. पक्ष्याच्या रूपानें मोहून गेलेल्या मनास दुसरा कांहीं उद्योग हवा. तो उद्योग दाखविण्यांत टोप्या मोजणारा तोच चॅपमन पुढें होता. नाताळच्या दिवशीं बंदुका घेऊन बाहेर पडावयाचें, दिसेल तें पांखरूं टिपावयाचें, आणि ज्यांचा ढीग मोठा ते जिंकले असें मानावयाचें, असा एक खेळ अमेरिकेंत रूढ होता. चॅपमननें १९०० सालीं सुचविलें, कीं त्या दिवशीं पक्षी मारूं नका, मोजा. त्या नाताळांत २५ ठिकाणीं २७ माणसांनीं पक्षी मोजले, आणि सुमारें ९० जातींची नोंद झाली. ती मोजणी अजूनहि दरवर्षीं होते, व तींत आतां हजारों लोक भाग घेतात.

मोजण्यानें काय साधतें याचें एक चांगलें उदाहरण इंग्लंडांतच सांपडतें. आपल्या तळ्यांत डुबक्या मारणाऱ्या टिबुकलीची एक थोरली, तुरेवाली बहीण त्या देशांत राहते. तिच्या छातीची मऊ कातडी व डोक्यावरील पिसें यांसाठीं तिची एवढी कत्तल झाली, कीं १८६० च्या सुमारास त्या देशांत तिचीं कांहीं डझन जोडपींच काय तीं शिल्लक उरलीं होतीं. पुढें कायद्यानें संरक्षण मिळालें. परंतु त्या संरक्षणाचा उपयोग झाला किंवा नाहीं, हें मोजल्यावांचून कसें कळावें? १९३१ सालीं टॉम हॅरिसन व फिलिप हॉलम या दोघां तरुणांनीं हजारावर हौशी लोकांकडून देशांतील तळीं तपासवून घेतलीं, तेव्हां सुमारें बाराशें जोडपीं आढळलीं. शिक्षक, पोस्टमन, धर्मोपदेशक, शाळकरी पोरें, ज्यांस पक्षिशास्त्रज्ञ म्हणून कोणीहि ओळखणार नाहीं अशा लोकांच्या डोळ्यांतून हें शास्त्र निर्माण झालें.

आपल्याकडील पक्षिशास्त्राचा प्रवासहि बंदुकीकडून दुर्बिणीकडे असाच झाला. राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकीं एक म्हणून आपणांस ठाऊक असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनीं साठ हजारांहून अधिक पक्ष्यांचीं कातडीं जमविलीं होतीं. तीं त्यांनीं १८८५ सालीं ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकिलीं. मुंबईचे सलीम अली यांनाहि पक्ष्यांचा नाद लागला तो लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून. ती चिमणी कोणती, हें विचारण्यासाठीं ते नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्ड यांच्याकडे गेले. १९४१ सालीं निघालेलें त्यांचें हिंदी पक्ष्यांवरील पुस्तक हातीं घेऊन अनेक घरांतील मुलें खिडकीबाहेर पाहूं लागलीं, आणि पाडल्याशिवायहि पक्षी ओळखतां येतो हें त्यांस कळलें.

इतकें सांगितल्यावर रटलंडच्या जत्रेचा अर्थ नीट ध्यानीं येतो. जागाहि विचार करण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत ग्वॉश नांवाच्या लहानशा नदीवर धरण घालून तेथें मोठा जलाशय करण्यांत आला. नेदर हॅम्बल्टन नांवाचें खेडें त्यांत गेलें. नॉर्मंटनचें प्रार्थनामंदिर तळांत दगडमाती भरून कसेंबसें वांचविलें, तें आज अर्धें पाण्यांत उभें असल्यासारखें दिसतें. कोयना, मुळशी, उजनी यांचा इतिहास जाणणाऱ्या महाराष्ट्रीय वाचकास अशा पाण्याची किंमत कोण भरतो हें वेगळें सांगावयास नको. मात्र तेथें जलाशयाच्या पश्चिम टोकाशीं कांहीं भाग आरंभापासूनच पक्ष्यांसाठीं राखून ठेविला गेला. हिवाळ्यांत आपल्या धरणांवर येणारीं थापट्यासारखीं बदकें तेथेंहि हजेरी लावतात.

या राखीव भागाचे व्यवस्थापक टिम ॲपल्टन आणि विल्यमसनबाईंच्या मंडळींतून वाढलेल्या रॉयल सोसायटीचे मार्टिन डेव्हिस यांनीं ही जत्रा उभी केली. पहिल्या वर्षीं सुमारें तीन हजार लोक आले, आणि तीन हजार पौंड शिल्लक राहिले. ते पौंड जत्रेवाल्यांनीं आपल्या तळ्यावर खर्च केले नाहींत. माल्टा बेटावर स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांची जी शिकार होई, ती थांबविण्याच्या कार्यास ते दिले. पुढें हाच नियम झाला. दरवर्षीं जगांतील एक काम निवडावयाचें, आणि जत्रेची शिल्लक त्यास द्यावयाची. १९९० सालीं डॅन्यूब नदीचा त्रिभुज प्रदेश, २००० सालीं लांबलचक दोरांच्या गळांत सांपडून मरणारे अल्बट्रॉस, २००५ सालीं नामशेष होऊं घातलेला गर्नीचा पिट्टा, अशीं तीं कामें. २००७ पासून पुढें ज्या जातींसाठीं मदत झाली, त्यांत आपल्या तणमोराचा नातलग जो बंगाल फ्लोरिकन, त्याचाहि समावेश होता. गर्दी वीस हजारांच्या आसपास गेली, आणि तीस वर्षांत एकंदर सुमारें पन्नास लाख पौंड जमले.

या जत्रेवर आक्षेप घेतां येणार नाहींत असें नाहीं. पक्षी पाहण्यास दुर्बीण लागते हें खरें. पण दरवर्षीं नवी दुर्बीण लागत नाहीं. दूरदेशचीं रानें राखावयाचीं म्हणून तेथें विमानानें जावें, आणि त्याच विमानांच्या धुरानें हवा तापून तीं रानें सुकावीं, हा विरोध डोळ्यांआड करतां येण्यासारखा नाहीं. शिवाय संग्रहाची हांव माणसास सोडीत नाहीं. पूर्वीं ती पेटींत कातडीं साठवीत असे, आतां वहींत नांवें साठविते. हजारों मैल जाऊन, एक पक्षी क्षणभर पाहून, नांवापुढें खूण करून परत येणाऱ्या मनुष्यानें त्या पक्ष्यास पाहिलें असें म्हणावें काय? हे प्रश्न खरे आहेत. तथापि दोन बाजारांची तुलना करावयाची तर एकच कसोटी लावली पाहिजे: सौदा झाल्यानंतर पक्षी कोठें आहे? मिन्सिंग लेनमध्यें सौदा पुरा होण्यापूर्वींच तो मेलेला असे. रटलंडमध्यें सौदा होतो, पैसा हात बदलतो, आणि पक्षी आपल्या जागीं राहतो. इतकेंच नव्हे, तर त्या पैशाचा कांहीं भाग त्याच्या जागेच्या राखणीस जातो. माणसाची हौस नाहींशी झाली नाहीं. तिचें तोंड फिरविण्यांत आलें.

जत्रेचेंहि आयुष्य जत्रेसारखेंच असतें. एगल्टनच्या कुरणांत ती २०१९ सालीं शेवटची भरली. पुढल्या वर्षीं महामारीमुळें लोकांनीं आपापल्या घरूनच तींत भाग घेतला, आणि त्यानंतर ज्या संस्थेकडे तो राखीव भाग होता, तिनें ती पुढें न चालविण्याचें ठरविलें. परंतु २०२२ सालीं ॲपल्टन यांनीं जवळच ओकहॅम येथें ‘ग्लोबल बर्डफेअर’ या नांवानें ती पुन्हां सुरू केली. आपल्या देशांत जयपूरच्या मानसागर तळ्याच्या कांठींहि असा मेळा १९९७ पासून भरूं लागला.

आतां इतिहासानें स्वतःच जुळवून आणिलेले दोन योग सांगतों. विल्यमसनबाईंनीं १८८९ सालीं मंडळी काढली, आणि बरोबर शंभर वर्षांनीं रटलंडची पहिली जत्रा भरली. ज्या लहान बगळ्याच्या पिसांपायीं ती मंडळी निघाली, तो त्याच १९८९ सालीं इंग्लंडांत प्रथमच मोठ्या संख्येनें येऊं लागला. १९९६ पासून तो तेथें घरटीं करूं लागला. आणि ज्याचें नांव चोरून टोपीवाल्यांनीं त्या पिसांस दिलें होतें, तो खरा ऑस्प्रेहि परत आला. १९९६ पासून स्कॉटलंडांतील पिलें आणून रटलंडच्या जलाशयावर सोडण्यांत आलीं, आणि २००१ सालीं तेथें त्या जातीचें पिलूं घरट्यांतून उडालें. नांव एकदांचें आपल्या धन्याकडे परत गेलें.

पण यावरून “आतां सर्व ठीक झालें” असें मानणें ही मोठी चूक होईल. आपल्याच देशांतील गिधाडांचें पाहा. त्यांचीं पिसें कोणी टोपींत खोंविलीं नव्हतीं, त्यांचा कोणी व्यापार केला नव्हता, कोणी त्यांचा द्वेषहि केला नव्हता. गुरांस देण्यांत येणाऱ्या डायक्लोफेनॅक नांवाच्या एका औषधानें, मेलेल्या गुरांच्या मांसांतून, पांढऱ्या पाठीचें गिधाड विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून पंधरा वर्षांत शेंकडा ९९ हून अधिक नाहींसें झालें. तें कळलें कसें? भरतपूर येथें नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभु प्रकाश यांनीं पूर्वीं गिधाडें मोजून ठेविलीं होतीं आणि पुढें पुन्हां मोजलीं म्हणून. मग कारण सांपडलें, आणि २००६ सालीं गुरांसाठीं त्या औषधावर बंदी आली. सुंदर पक्ष्यावर प्रेम करण्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. टोपी घालणाऱ्या त्या स्त्रियांचेंहि पिसांवर प्रेमच होतें. गिधाडासारख्या कुरूप, कोणालाहि नको असलेल्या पक्ष्याकडे वर्षानुवर्षें लक्ष ठेवून त्याची संख्या लिहून ठेवणें, हें मात्र शिकावें लागतें. कोणत्याहि पक्ष्यांच्या जत्रेंतून घरीं आणण्यासारखी वस्तु हीच. आणि ती आणण्यासाठीं रटलंडपर्यंत जाण्याची गरज नाहीं. आपल्या गांवच्या तळ्याचा कांठ, एक वही, आणि दरवर्षीं त्याच दिवशीं तेथें जाण्याचा नेम, इतकें त्यासाठीं पुरतें.